जुन्या मोटारीसाठी पर्यायी रेडिएटरची निवड व जोडणी : कारंजा (लाड) परिसरातील उन्हाळा व पाणी यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच उपयुक्त कामात रूपांतरित करते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळजवळ तेवढाच भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी आपली उष्णता ज्या ठिकाणी हवेला देते ते ठिकाण म्हणजे रेडिएटर होय. तो निकामी झाला तर गाडी केवळ रस्त्यात उभी राहते एवढ्यावर भागत नाही. सिलिंडर हेड वाकणे, गॅस्केट जळणे, प्रसंगी संपूर्ण इंजिन उघडावे लागणे इथपर्यंत वेळ येते. आणि जुन्या गाडीच्या बाबतीत या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारमूल्याहून अधिक होऊ शकतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या गाड्यांवर अकोल्याचा क्रमांक असतो, त्यामुळे कारंज्यातील जुनी मोटार पाटीवरूनही ओळखता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. परिणामी अशा गाड्या कायद्याने रस्त्यावर राहू शकतात; परंतु त्यांचे कारखाने मागे उरलेले नाहीत. प्रीमिअर पद्मिनीचे उत्पादन सन २००० च्या सुमारास थांबले, तर मारुती ८०० आणि ॲम्बॅसडर या दोहोंचे २०१४ मध्ये. मूळ सुटा भाग मिळण्याची शाश्वती नसल्याने 'पर्यायी रेडिएटर कोणता' हा प्रश्न मालकालाच सोडवावा लागतो. बहुधा तो किंमत पाहून सोडवला जातो. प्रस्तुत लेखात तो येथील मे महिना आणि येथील पाणी पाहून सोडवला पाहिजे, असे प्रतिपादन केले आहे.

उन्हाळ्याचे गणित

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे इतर बाबी समान असता पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश सेल्सिअस आणि हिवाळ्यातील दुपारची हवा २५ अंश मानली तर हा फरक ६५ अंशांचा होतो. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ४५ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेच इंजिन, तोच वेग. परंतु क्षमता सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. त्यातच नळ्या तुंबून रेडिएटरची मूळ क्षमता ३० टक्क्यांनी घटलेली असेल, तर नवेपणी हिवाळ्यात जेवढी उष्णता तो टाकत होता तिच्या निम्म्याहूनही कमी उष्णता तो मे महिन्यात टाकतो. जानेवारीत निर्दोष वाटणारी गाडी अक्षय्य तृतीयेच्या लग्नसराईत का उकळते, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे. ही गाडी अचानक बिघडलेली नसते. तिच्या रेडिएटरमधील शिल्लक क्षमता कित्येक वर्षे झिजत आलेली असते.

वेगाचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. हवेचा रोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेल्यास ही शक्ती सुमारे ३.४ पट होते. रेडिएटरमधून जाणारी हवा मात्र फार तर दीडपट वाढते. कारंज्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेव्हापासून जुन्या गाड्यांनाही तासन्‌तास अखंड वेगाने धावण्याची सोय झाली आहे. गावातल्या गावात कधीही न तापलेला रेडिएटर अशा रस्त्यावर उघडा पडतो.

बदलण्यापूर्वी निदान

गाडी तापते म्हणून रेडिएटर बदलला आणि तरीही ती तापतच राहिली, ही तक्रार अत्यंत परिचित आहे. कारण तापण्याची कारणे अनेक असून रेडिएटर हे त्यांपैकी एक आहे. गाडी उभी असताना किंवा बाजारपेठेत हळू चालताना तापत असेल व मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर दोष बहुधा हवेच्या बाजूचा असतो : पंख्याचा पट्टा सैल असणे, विजेवर चालणारा पंखा वेळेवर सुरू न होणे, किंवा जाळीत कचरा अडकणे. सोयाबीनच्या मळणीनंतर उडणारे कुटार आणि कापसाचे तंतू धुळीबरोबर जाळीत बसून नमदा तयार होतो. तो काढण्यास पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने पुढे मारला म्हणजे पुरते. याउलट वेगात, चढावर किंवा भार असताना गाडी तापत असेल तर पाण्याचा प्रवाह अपुरा असण्याची शक्यता अधिक असते. तेथे रेडिएटरच्या नळ्या, वॉटर बॉडी व खालचा होज पाइप यांकडे पाहावे.

सर्वात स्वस्त व सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरची कॅप. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅम दाब धरून ठेवणारी कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११८ अंशांपर्यंत नेते. तिचे रबर कडक झाले की हा दाब टिकत नाही आणि पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळून बाहेर पडते. मात्र जुन्या रेडिएटरवर मूळच्यापेक्षा अधिक दाबाची कॅप बसवणे म्हणजे त्याचे झाळ उकलण्यास आमंत्रण देणे होय.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत तर एक चुकीची प्रथाच रूढ झाली आहे. उन्हाळा सुरू होताच तो काढून टाकावा, असा सल्ला अनेक गॅरेजांत मिळतो. परंतु ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास मार्ग बंद करतो, तेथे तो काढल्यास गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परस्पर इंजिनात परततो. हिवाळ्यात तेच इंजिन थंड चालून अधिक इंधन खाते व लवकर झिजते, हे वेगळेच.

इंजिन सुरू असताना कॅपच्या जागी सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गळत असल्याचा संशय घ्यावा; अशा गाडीला नवा रेडिएटर लावणे व्यर्थ आहे. गाडी तापवून बंद केल्यावर जाळीच्या काही भागाजवळ हात नेला असता तो भाग थंड लागत असेल, तर तेथील नळ्या बंद झाल्या आहेत असे समजावे. बदल खऱ्या अर्थाने आवश्यक ठरतो तो येथे.

पाण्याचा प्रश्न

कारंजा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातील विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. पाणी तापताच त्यांचे अविद्राव्य कार्बोनेटांत रूपांतर होऊन नळ्यांच्या आतून थर बसतो. उत्तरेस मूर्तिजापूरकडे उतरले की पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा जवळ येतो. तेथील खारे पाणी थर धरण्यापेक्षाही धातू कुरतडण्याचे काम अधिक करते. समजा, पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि वाफेच्या रूपाने उडणारे अर्धा लिटर पाणी रोज भरावे लागते. वर्षभरात सुमारे ७३ ग्रॅम क्षार शीतन प्रणालीत जमा होतात. त्यातील निम्मे जरी अरुंद नळ्यांत बसले तरी प्रवाह खुंटण्यास ते पुरेसे आहेत.

ही गोष्ट या गावाला नवी नाही. कारंज्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंदमापी 'शकुंतला' रेल्वेवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते, आणि बॉयलरमधील क्षारांचे थर काढणे हे वाफेच्या इंजिनांच्या देखभालीतील नित्याचे काम असे. मोटारीच्या बाबतीत मात्र हातपंपाचे पाणी ओतून पुढे निघण्याची सवय सुटलेली नाही.

तांबे-पितळ की ॲल्युमिनियम

तांब्याची उष्णतावहनक्षमता ॲल्युमिनियमपेक्षा अधिक आहे, म्हणून तांब्याचा रेडिएटर श्रेष्ठ, हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. तो अपुरा आहे. तांबे-पितळी रेडिएटरमध्ये पितळी नळी व तांब्याची पाती यांच्यामध्ये शिसे-कथिलाचा झाळ असतो आणि त्याची वहनक्षमता तांब्याच्या कितीतरी कमी असते. ॲल्युमिनियमच्या नळ्या वजनाला हलक्या असून रुंद करता येतात व पातीशी थेट ब्रेझिंगने जोडल्या जातात. त्यामुळे समान आकाराचा चांगला ॲल्युमिनियम रेडिएटर शीतनात मागे पडत नाही, अनेकदा सरसच ठरतो.

खरा निकष वेगळा आहे : गाडीत कोणते पाणी पडणार आणि बिघडल्यास दुरुस्त कोण करणार? तांबे-पितळी रेडिएटरच्या टाक्या उकलून नळ्यांतून सळई फिरवता येते, गळती झाळकामाने बंद करता येते. जुन्या पितळी टाक्या ठेवून मधली जाळी तेवढी नवी बसवता येते. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर टाकीच्या कडेला गळू लागला की बहुधा फेकावाच लागतो, आणि खाऱ्या किंवा जड पाण्यात त्याच्या पातळ नळ्यांना बारीक छिद्रे पडतात. म्हणून ॲम्बॅसडर वा पद्मिनीसाठी मूळ टाक्या सुस्थितीत असतील तर नव्या जाळीचा मार्ग अधिक श्रेयस्कर दिसतो. मोजमापाचा प्रश्नही त्यामुळे आपोआप सुटतो. मारुती ८०० साठी तयार ॲल्युमिनियम रेडिएटर घेण्यास हरकत नाही, मात्र मालक कूलंट कटाक्षाने वापरणारा असावा.

जाड जाळी म्हणजे अधिक थंडावा, हाही एक भ्रम आहे. मागच्या रांगेतील नळ्यांना पुढच्या रांगांनी तापवलेली हवाच मिळते आणि जाडीबरोबर हवेचा अडथळा वाढतो. मंद गतीत पंख्याला ती ओढवत नाही. अतिशय दाट पातीही ग्रामीण रस्त्यांवर कुटाराने लवकर बुजते. शक्य असल्यास जाडीपेक्षा जाळीचे समोरचे क्षेत्रफळ वाढवावे.

खरेदीच्या वेळी केवळ गाडीचे नाव सांगून चालत नाही. ॲम्बॅसडर १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, डिझेल इंजिन आणि पुढे इसुझूचे १.८ लिटर इंजिन अशा वेगवेगळ्या रूपांत विकली गेली. जाळीची उंची, रुंदी व जाडी टाकी सोडून मोजावी. दोन्ही तोंडांचा बाह्य व्यास व दिशा, बोल्टच्या छिद्रांमधील अंतर आणि पंख्यापासूनची मोकळी जागा टिपून घ्यावी. जुना रेडिएटर दुकानात सोबत नेणे याहून चांगला उपाय नाही.

जोडणी

नवा रेडिएटर वर्षभरात तुंबण्याचे प्रमुख कारण जोडणीच्या दिवशीच घडते. इंजिन ब्लॉकमधील गंज व क्षार तसेच राहतात आणि पहिल्या काही दिवसांत वाहत येऊन नव्या नळ्यांत अडकतात. म्हणून थंड इंजिनातील पाणी रेडिएटरच्या तोटीतून तसेच ब्लॉकच्या प्लगमधून काढावे व दोन्ही बाजूंनी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. आम्लयुक्त द्रावण वापरायचे असल्यास ॲम्बॅसडरच्या १४८९ घनसेंटिमीटर पेट्रोल इंजिनाचे बिडाचे हेड ते सहन करते. मारुती ८०० चे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने तेथे फार सावधगिरी हवी.

रेडिएटर रबरी बुशांवरच बसवावा. बोल्ट आवळण्यासाठी तो ओढूनताणून जागेवर आणल्यास रस्त्यावरील हादऱ्यांनी टाकीचा सांधा उकलतो. होज पाइप, क्लॅम्प आणि कॅप नवे घ्यावेत. या तिन्हींचा खर्च रेडिएटरच्या तुलनेत नगण्य आहे. भरण्यासाठी बॅटरीकरिता मिळणारे शुद्ध पाणी व कूलंट वापरावे. येथे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही आणि ग्लायकॉल वाढले की मिश्रणाची विशिष्ट उष्णता घटते. म्हणून कूलंटचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पुरे, बाटलीवरील सूचना वेगळी असल्यास ती पाळावी. एथिलीन ग्लायकॉल गोडसर व विषारी असल्याने काढलेले द्रावण गुरे वा कुत्री तोंड लावतील अशा जागी सोडू नये.

कॅप उघडी ठेवून इंजिन मंद चालू ठेवावे. थर्मोस्टॅट उघडला की खालचा पाइप गरम होतो, अडकलेली हवा बाहेर पडते आणि पातळी खाली जाते. तेव्हा भर घालून कॅप लावावी. इंजिन पूर्ण निवल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळावेत आणि पुढील तीन-चार दिवस सकाळी पातळी पाहावी. सकाळच्या गारव्यात मारलेली फेरी ही चाचणी नव्हे. भर दुपारी, माणसांसह आणि वातानुकूलन असल्यास ते सुरू ठेवून तासभर गाडी चालवल्यावर तापमानाचा काटा स्थिर राहिला, तरच काम पूर्ण झाले असे मानावे.

नव्या रेडिएटरच्या बदल्यात जुना भंगाराच्या भावाने देण्याचा आग्रह दुकानदार धरतो. ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीच्या पितळी टाक्या शाबूत असतील तर तो व्यवहार टाळावा.