कोल्हापुरीच्या टॅगवरचे काळे-पांढरे चौकोन

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं, वाकवून बघतं, वेणी आणि शिवण निरखतं. चामडं अस्सल आहे की नाही, हे सरावलेल्या हाताला कळतं. ती चप्पल कोणत्या गावात, कुणी बनवली, हे मात्र कळत नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये प्रादा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच घाटाच्या चपला कारागिरांचा उल्लेख न करता मंचावर आणल्या. टीकेनंतर भारतीय हस्तकलेची प्रेरणा कंपनीने मान्य केली. त्याच वर्षी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, अस्सल कोल्हापुरीला क्यूआर कोडची जोड दिली. फोन धरला की कारागिराची माहिती समोर यावी, हा त्यामागचा हेतू.

असा प्रत्येक कोड वेगळा असतो. एकेक चित्र हाताने काढून हजारो जोड्यांना पुरणार नाही. ते काम संगणकावरचा प्रोग्राम करतो: यादीतली एक ओळ वाचतो, चित्र तयार करतो, फाईल जतन करतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे स्मृतीत मांडलेला आकड्यांचा तक्ता. प्रोग्राम आधी कोरा पांढरा तक्ता घेतो आणि ठरलेल्या चौकटी काळ्या करतो. या चौकटींची मांडणी ठरवणारा क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तयार केला. सर्वांत लहान कोड २१ बाय २१ चौकटींचा, आणि प्रत्येक पुढचा आकार चार चौकटींनी मोठा. बिघाड भरून काढणाऱ्या चूक-दुरुस्तीची मधली पातळी घेतली तर २९ बाय २९ च्या कोडमध्ये ४२ बाइट मावतात. ‘कोल्हापूर’ हा एकच शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत २७ बाइट खातो. म्हणून नावगाव कोडात कोंबण्यापेक्षा छोटा वेबपत्ता ठेवणं परवडतं. दुरुस्तीच्या याच मधल्या पातळीवर कोडचा सुमारे १५ टक्के भाग बिघडला तरी तो वाचता येतो. तेल पाजलेल्या चामड्यालगत लटकणाऱ्या टॅगला ही सोय हवीच.

आता छपाईचं गणित. २९ चौकटींच्या चारी बाजूंना चार-चार चौकटींची कोरी जागा सोडावी लागते, म्हणजे एकूण ३७. प्रत्येक चौकटीला सहा पिक्सेल दिले की चित्र २२२ पिक्सेलचं होतं आणि इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत ते जेमतेम १९ मिलिमीटर भरतं. टॅगवर वीस मिलिमीटर जागा आहे म्हणून कुणी तेच चित्र ताणून २३६ पिक्सेलचं केलं, तर एका चौकटीच्या वाट्याला सहा पूर्णांक आणि काही अंश येतात. मग काही चौकटी जाड होतात, काही बारीक, किंवा कडा राखाडी होतात. उरलेला एक मिलिमीटर कोरा सोडलेला बरा.

खरी गफलत होते ती जतन करताना. जेपीईजी हा प्रकार फोटोंसाठी आहे. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो. काळ्या-पांढऱ्याच्या धारदार सीमेवर त्यामुळे धुरकट ठिपके उमटतात. पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही आणि कोडसारख्या साध्या चित्राची फाईलही लहान ठेवतो.

शिवाय नावाला ‘.jpg’ असं शेपूट लावलं म्हणून आतला प्रकार बदलत नाही. डॉटनेट या प्रोग्रामिंग मंचावर नव्याने तयार केलेलं चित्र प्रकार न सांगता जतन केलं, तर नाव काहीही असो, आत पीएनजीच लिहिलं जातं. पीएनजीची खरी ओळख फाईलच्या पहिल्या आठ बाइटांत असते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यातले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं.

मध्येच वीज गेली तर अर्धवट फाईल पूर्ण फाईलच्या नावाने पडून राहते. म्हणून जाणता प्रोग्रामर आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि काम पुरं झालं की खरं नाव देतो. प्रत्येक चित्र जतन झाल्यावर त्याने अडवलेली स्मृती मोकळी करणंही गरजेचं असतं. नाहीतर पहिली शंभर चित्रं सुरळीत निघतात आणि काही हजारांनंतर प्रोग्राम कोलमडतो.

टॅगवर गावाचं नाव देवनागरीत छापायचं असेल, तर आणखी एक अडचण येते. ‘शिरोळ’मधली पहिली वेलांटी टंकली जाते ‘श’नंतर, पण दिसायला हवी आधी. ही जुळवाजुळव हार्फबझसारखी अक्षरमांडणीची लायब्ररी करते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, चित्रांसाठीच्या पिलो लायब्ररीला रॅक्म या जोडलायब्ररीमार्फत ती मिळाली नाही, तर वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. एकदा चित्र झालं की ती चूक अक्षर उरत नाही, तिचे नुसते पिक्सेल होतात. शोधून बदलायची सोय संपते, आणि कारागिराचं गाव शेकडो टॅगांवर चुकीचं छापलं जातं.

म्हणून जतन केलेली फाईल प्रोग्रामनेच पुन्हा उघडून कोड वाचावा आणि मूळ यादीशी ताडून पाहावा. त्यानंतर एक नमुना खऱ्या टॅगच्या कागदावर छापून चपलेला बांधायचा, थोडं तेलाचं बोट लावायचं आणि दुकानातल्या उजेडात साध्या फोनने वाचून पाहायचा. पडद्यावर नाव आलं, आणि टॅगवर शिरोळची वेलांटी ‘श’च्या आधी दिसली, की उरलेल्या टॅगांची छपाई सुरू करायची.