पानिपतचे दोन निकाल

परतूर हे गाव १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची सेना तेथून उत्तरेकडे निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले, सेनेचा धीर खचला आणि मराठ्यांचा पराभव झाला. ती गोळी चुकली असती तर?

जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा याच प्रश्नातून निर्माण झाली. अपघातानंतर गंगाधरपंत मराठे विजयी झालेल्या एका निराळ्या जगात वावरून येतात. हे स्वप्न, की सत्य?

कथेतील त्यांचे मित्र राजेंद्र प्रथम हा मनाचा खेळ मानतात. परंतु त्या जगातील बखरीचे फाटके पान पाहताच ते विचारात पडतात. इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल, हे आधी निश्चित सांगता येत नाही. त्याचप्रमाणे अनेक जगे एकाच वेळी नांदत असतील, असा तर्क ते मांडतात.

वाचकांतही असेच दोन पक्ष पडतात. पानिपतावर पडलेले वीर कोणत्याही तर्काने परत येणार नाहीत. म्हणूनच वाचकाने मनाला सुखावणारे उत्तर न निवडता, पुराव्याला पटणारे उत्तर शोधावे.