लॉयल्टी, एकास दोनशे

दरवर्षी 5 एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. 1919 साली त्या तारखेला 'लॉयल्टी' नावाची आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी नुकत्याच उभ्या केलेल्या भारतीय कंपनीची ती पहिली सफर. ती बोट कंपनीने घेतली ग्वाल्हेरच्या महाराजांकडून, आणि 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन' हे कंपनीचं नाव तिथूनच आलं. 1964 पासून देशभर पाळल्या जाणाऱ्या या दिवसाचा धागा असा थेट ग्वाल्हेरपर्यंत येतो, पण इथल्या मराठी घरांतही ही गोष्ट क्वचितच ऐकायला मिळते.

म्हणून माझं मत आहे की या बोटीची प्रतिकृती ग्वाल्हेरात घडवली जावी, तीही शिंदे की छावनीतल्या एखाद्या घराच्या मागच्या खोलीत, हाताशी असतील त्या छोट्या हत्यारांनी. समुद्र इथून शेकडो कोस दूर असला तरी त्याची अडचण नाही. आरमार गाजवणाऱ्या आंग्र्यांचं घराणंसुद्धा ग्वाल्हेरच्या सरदारांत नांदलं आहे.

आधी बोट नीट ओळखून घेऊ. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या कारखान्यात 30 ऑगस्ट 1890 रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव होतं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने प्रशांत महासागरातली टपाल आणि उतारू वाहतूक करण्यासाठी तीन सख्ख्या बहिणी बांधून घेतल्या. ही त्यातली पहिली, दुसऱ्या दोघी 'जपान' आणि 'चायना'. 5,905 टनांची ही पोलादी बोट सुमारे 456 फूट लांब आणि 51 फूट रुंद होती. तिला दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि मागे दोन पंखे होते. रंग पांढराशुभ्र. गलबतांचा जमाना मावळत असतानाही तिची नाळ जुन्या वेगवान शिडाच्या जहाजांसारखी पुढे वळवून काढलेली होती आणि डोलकाठ्या किंचित मागे झुकवलेल्या. वाफेच्या युगातल्या बोटीने शिडाच्या युगाचा डौल सांभाळला होता. प्रतिकृतीसाठी ती निवडावी, याचं माझ्या लेखी इतिहासाइतकंच मोठं कारण हे आहे.

महायुद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर 1914 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांच्या वतीने तिचं रुग्णालय-जहाज झालं आणि जानेवारी 1915 मध्ये तिला 'लॉयल्टी' हे नाव मिळालं. माधवरावांना हे काम नवं नव्हतं. चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळीही त्यांनी मोहिमेला रुग्णालय-जहाज दिलं होतं. यंत्रांची त्यांना मनापासून ओढ होती. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते, आणि ग्वाल्हेरची दोन फुटी रुंदीची लाइट रेल्वे त्यांच्याच हौसेतून वाढून श्योपुरपर्यंत गेली. मोठ्या यंत्राचं छोटं रूप मन लावून घडवण्याची परंपरा या शहरात आहे, तिला एक जहाज जोडायचं आहे.

नव्या कंपनीकडे 'लॉयल्टी' फार काळ राहिली नाही. तिचं वय झालं होतं, आणि लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून स्पर्धा चालवली होती. 1923 साली मुंबईत ती मोडीत काढली गेली. त्यामुळे मोजमाप घ्यायला मूळ बोट कुठेच नाही, कागद आणि छायाचित्रं यांवरच काम करायचं. बॅरोचा तो कारखाना 1897 साली व्हिकर्स कंपनीकडे गेला आणि व्हिकर्सचा छायाचित्रसंग्रह आता बॅरोच्या डॉक म्युझियममध्ये आहे. बहिणींची छायाचित्रंही उपयोगी पडतात, कारण सांगाडा तिघींचा सारखाच. 'एम्प्रेस ऑफ जपान'च्या नाळेवरची ड्रॅगनची मूर्ती तर व्हँकूव्हरमध्ये जपून ठेवली आहे. नाळेवरच्या कोरीवकामाचा आकार आणि तोल कळायला तिचा आधार घेता येतो.

आता प्रमाण. मी एकास दोनशे सुचवेन. म्हणजे बोटीची लांबी सुमारे 70 सेंटिमीटर आणि रुंदी 7.8 सेंटिमीटर येते, आणि घरच्या टेबलावर काम मावतं. एक मीटर उंचीचा कठडा 5 मिलिमीटरचा होतो, उभा माणूस साडेआठ मिलिमीटरचा. पोलादी पत्रा प्रत्यक्षात 12 मिलिमीटर धरला तर प्रतिकृतीत 0.06 मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाहूनही पातळ. म्हणून पत्र्यांचे सांधे दाखवायला कागद चिकटवू नये. चिकटपट्टी लावून तिच्या कडेपर्यंत प्रायमरचा एक जादा हात द्यावा आणि पट्टी काढून घ्यावी. उरलेली पायरी बोटाला जेमतेम जाणवते, डोळ्याला मात्र दिसते. सगळ्या कामात अंतिम निकाल मापाचाच असतो, त्यामुळे सर्वांत आधी चांगला व्हर्निअर कॅलिपर घ्यावा. यंत्रांवर पैसे नंतर खर्च करता येतात.

लाकूड मऊ, गाठीविरहित आणि सरळ रेषांचं हवं. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दोन महिन्यांत पावसाळी दमट हवा येते. लाकूड आकसतं, मग फुगतं. दुकानातून आणलेली फळी त्याच खोलीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहू द्यावी, मगच तिला करवत लावावी. ही सोडायची पायरी नाही. घाईने जोडलेल्या बोटीला पुढच्या जूनमध्ये मधोमध भेग पडते आणि ती भेग कितीही लांबी भरली तरी रंगातून डोकावत राहते.

पोलादी बोटीच्या बाहेर लाकडी पट्ट्यांचे सांधे दिसायचे नसतात, म्हणून फासळ्यांवर पट्ट्या ठोकण्यापेक्षा थरांची पद्धत सोपी. नकाशातल्या प्रत्येक पाणरेषेचा आकार 6 मिलिमीटरच्या फळीवर उतरवायचा, कापायचा आणि सात-आठ थर एकावर एक फेविकॉलने जोडायचे. प्रत्येक थर डावा आणि उजवा अशा दोन तुकड्यांत कापावा. मधला सांधा म्हणजे कायमची मध्यरेषा, किती रंधलं तरी ती हरवत नाही. आतल्या थरांचा गाभा कापून पोकळी ठेवली तर लाकडाला हलायला वाव मिळतो. मग पायऱ्या पायऱ्यांचा तो ठोकळा छोट्या रंध्याने आणि पटाशीने उतरवत न्यायचा. ठरावीक अंतरांवरच्या छेदांचे पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवावेत, साचा बाजूला टेकवून मागे दिवा धरावा. फटीतून उजेड आला की कुठे लाकूड जास्त आहे ते लगेच कळतं. या टप्प्यावर मी कुणालाही यंत्र वापरायला सांगणार नाही. फिरत्या हत्याराने नाळेचा बाक एका क्षणात जास्त खाल्ला जातो, आणि ही बोट ओळखली जाते ती त्या बाकावरूनच.

धातूचं काम सुरू झालं की मात्र ग्वाल्हेरातला माणूस भाग्यवान ठरतो, कारण सराफा जवळ आहे. जहाजाच्या छोट्या कामाला लागणारी हत्यारं सोनाराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत: केसाएवढ्या पात्याची करवत, बारीक कानशी, टोकदार चिमटे, तार ओढून पातळ करायची भोकांची पट्टी, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल. पंख्याची पाती अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून सोनारी करवतीने कापावीत, कानशीने कडा पातळ कराव्यात, हलका पीळ द्यावा आणि मधल्या नळीला कथलाच्या डाखाने जोडावीत. डावा आणि उजवा पंखा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, तेव्हा पीळ उलट द्यायचा हे कापण्याआधीच ठरवून घ्यावं. पितळ कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

खिडक्यांसाठी बाजारात काही शोधू नये. 18 गेजच्या इंजेक्शनच्या सुईची बाहेरची जाडी 1.27 मिलिमीटर असते, दोनशेने गुणलं की 25 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर दहा इंची गोल खिडकी. न वापरलेल्या सुया आणून बारीक तुकडे करावेत, भोकात बसवावेत आणि कानशीने बाजूशी सपाट करावेत. रांग सरळ यावी म्हणून आधी पूर्ण लांबीची रेषा आखून त्यावर टोच्याने खुणा कराव्यात. इथे एक भोक जरी वर गेलं तरी सगळी बाजू वाकडी दिसते.

डेकसाठी सागवानी व्हिनिअर घ्यावं. पाच इंची फळी या प्रमाणात 0.64 मिलिमीटरची होते, तेव्हा फळ्या कापत बसू नये, टोकदार पेन्सिलीने रेघा ओढाव्यात. डोलकाठ्या बांबूच्या कराव्यात. बांबूची चीप ड्रिलमध्ये पकडून फिरवत पॉलिश पेपरच्या घडीत धरली की टोकाकडे निमुळती होते, आणि बांबू वाकत नाही. जीवरक्षक होड्यांची एकच मूळ होडी मन लावून कोरावी, सिलिकॉनचा साचा काढावा आणि बाकीच्या रेझिनमध्ये ओताव्यात. हातांनी वेगवेगळ्या कोरलेल्या होड्या कितीही छान असल्या तरी एकसारख्या येत नाहीत, आणि कारखान्यात बनलेल्या होड्या तर एकसारख्याच असतात.

रंगाच्या बाबतीत निर्णय आधी घ्यावा लागतो: कुठल्या वर्षीची बोट? मला 1915 ची, रुग्णालयाची बोट आवडेल, कारण तिच्यातच ग्वाल्हेर सर्वांत जास्त आहे. 1907 च्या हेग करारात रुग्णालय-जहाजांचा रंग ठरवून दिला होता: बाहेरून पांढरा आणि सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा पट्टा. लष्करी जहाजांना हिरवा, खासगी व्यक्तींनी वा मदतसंस्थांनी सज्ज केलेल्यांना तांबडा. 'लॉयल्टी' लष्करी सेवेत होती, म्हणून तिचा पट्टा हिरवा धरावा. प्रतिकृतीवर तो पट्टा साडेसात मिलिमीटरचा येतो. जुनी कृष्णधवल छायाचित्रं पाहताना एक सावधगिरी हवी. त्या काळातल्या छायाचित्रणाच्या बऱ्याचशा काचांना लाल प्रकाश दिसत नसे, त्यामुळे लाल क्रॉस जवळजवळ काळा उमटतो. म्हणून चित्रातल्या गडदपणावरून रंग ठरवू नये.

दोर सर्वांत शेवटी. मेणातून ओढलेला बारीक पॉलिस्टर धागा घ्यावा, आधी डोलकाठ्यांना मागेपुढे धरून ठेवणारे दोर बांधावेत आणि नंतरच बाजूचे. प्रत्येक दोर ताणताना समोरच्या दोराकडे पाहावं, एका बाजूला जोर जास्त झाला की बांबूसुद्धा झुकतो. मग काचेची पेटी, कारण इथली उन्हाळी धूळ दोरांवर बसली की ती झाडता येत नाही. पेटी आतून 85 सेंटिमीटर लांब आणि 20 रुंद असावी. उंची सर्वांत उंच डोलकाठीहून चार बोटं जास्त. तळाच्या पाटीवर तीन ओळी पुरतील: एम्प्रेस ऑफ इंडिया, बॅरो, 1890; लॉयल्टी, ग्वाल्हेर, 1915; मुंबई ते लंडन, 5 एप्रिल 1919.