मोबाईल कव्हरवरचं ‘ते’ निळं चित्र खरंतर एका बाळासाठी काढलेलं होतं!

निळंशार आकाश, त्यात वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यावर पांढरी फुलं. नाव माहीत नसलं तरी हे चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. कुणाच्या मोबाईल कव्हरवर, कुणाच्या टोट बॅगवर, नाहीतर इन्स्टाच्या एखाद्या रीलमध्ये.

चित्राचं नाव ‘आल्मंड ब्लॉसम’, म्हणजे बदामाचा बहर. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि साल १८९०. तो शेवटच्या वर्षी खूप खचला होता, हे बहुतेकांना माहीत असतं. मग त्याच वर्षातलं हे चित्र इतकं प्रसन्न कसं? याचं उत्तर एका बाळात आहे.

काका झाल्याची बातमी

व्हिन्सेंटला थिओ नावाचा धाकटा भाऊ होता. तो पॅरिसमध्ये चित्रांचा व्यापार करायचा आणि दर महिन्याला मोठ्या भावाला पैसे पाठवायचा. व्हिन्सेंटचे रंग, कॅनव्हास, खाणंपिणं, सगळं त्या पैशांवर चालायचं.

१८८९ च्या मे महिन्यात व्हिन्सेंट दक्षिण फ्रान्समधल्या सां-रेमी इथल्या मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला कळलं की थिओची बायको जो गरोदर आहे. जानेवारी १८९० मध्ये त्याने मिलेच्या एका चित्रावरून ‘पहिली पावलं’ हे चित्र रंगवलं. शेतात बाबा हात पसरून बसलाय, आई लेकराला आधार देतेय आणि लेकरू पहिलं पाऊल टाकायच्या बेतात आहे.

३१ जानेवारी १८९० ला थिओला मुलगा झाला. त्याने लगेच भावाला पत्र लिहून कळवलं की आम्ही बाळाचं नाव तुझंच ठेवतोय, व्हिन्सेंट. बाळ तुझ्यासारखंच चिवट आणि धाडसी व्हावं, अशी इच्छाही त्यात होती.

आपल्याकडे काकाने आनंदाने पेढे वाटले असते. व्हिन्सेंटलाही आनंद झालाच, पण तो थोडा अवघडला. आईला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की बाळाला आपल्या वडिलांचं नाव दिलं असतं तर बरं झालं असतं. वडील पाच वर्षांपूर्वी वारले होते. आजोबांचं नाव नातवाला द्यावं, हा विचार आपल्याला काही परका नाही. पण नाव ठरलं होतं. मग त्याच पत्रात तो सांगतो की बाळासाठी लगेच एक चित्र सुरू केलंय, त्यांच्या बेडरूममध्ये लावायला.

बदामच का?

इथे एक गोंधळ आधी दूर करू. आपल्या सोसायटीच्या आवारात मोठ्या पानांचं जे ‘बदामाचं झाड’ असतं, ते हे नव्हे. तो देशी बदाम. आपण भिजवून खातो त्या बदामाचं झाड वेगळं, पीचच्या नात्यातलं.

या झाडाची गंमत म्हणजे थंडी पुरती सरायच्या आतच ते फुलतं. पानं नंतर येतात, फुलं आधी. आपल्याकडे पळस किंवा काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर कशी फुलते, तसंच. दक्षिण फ्रान्समध्ये हा बहर साधारण फेब्रुवारीत येतो, म्हणजे अगदी बाळाच्या जन्माच्या सुमारास. नव्या सुरुवातीसाठी त्याला दूर शोधावं लागलं नाही.

चित्रात वेगळं काय आहे?

निसर्गचित्र म्हटलं की खाली जमीन, मागे डोंगर, मधे झाड असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. इथे जमीनच नाही. खोड नाही, क्षितिजही नाही. फक्त फांद्या आणि आकाश. जाड बाह्यरेषा आणि मधेच कापल्यासारख्या फांद्या ही व्हिन्सेंटला आवडणाऱ्या जपानी छापचित्रांची शिकवण. मूळ तैलचित्र साधारण अडीच बाय तीन फुटांचं आहे.

झाडाखाली उताणं पडून वर बघितलं तर असंच दिसेल, म्हणजे पाळण्यातल्या बाळाला जग दिसतं तसं. अर्थात हा अर्थ आपण लावलेला. पण चित्र कुणासाठी होतं हे कळल्यावर तो मनातून जात नाही.

आनंदाचं चित्र, पण...

हे चित्र काढत असतानाच्या दिवसांतच व्हिन्सेंटला पुन्हा आजाराचा झटका आला आणि त्यात जवळपास दोन महिने गेले. बरा होऊन बघतो तर झाडांचा बहर सरत आलेला. माझं नशीबच नाही, अशा अर्थाची खंत त्याने थिओला कळवली. बहराची आणखी चित्रं काढायची राहून गेली.

मे महिन्यात तो पॅरिसला गेला आणि पुतण्याला पहिल्यांदा पाहिलं. २९ जुलै १८९० ला व्हिन्सेंट गेला. सहा महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ ला थिओही गेला. बाळाचा पहिला वाढदिवस सहा दिवसांवर होता.

(काही पोस्टमध्ये हे त्याचं ‘शेवटचं चित्र’ असल्याचं लिहिलेलं असतं. ते चूक आहे. यानंतर त्याने बरीच चित्रं काढली.)

मग बाळाचं काय झालं?

२८ वर्षांची जो, कडेवर लेकरू आणि घरात शेकडो चित्रं, ज्यांना तेव्हा फारशी किंमत नव्हती. जोने ती जपली, प्रदर्शनं भरवली आणि १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रं छापली. व्हॅन गॉग जगाला कळला, त्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

बाळ मोठं होऊन इंजिनिअर झालं. काकाशी नावाचा गोंधळ नको म्हणून लोक त्याला ‘इंजिनिअर’च म्हणायचे. १९२५ मध्ये आई गेल्यावर सगळा संग्रह त्याच्याकडे आला. तो एकेक चित्र विकून कितीही श्रीमंत होऊ शकला असता. त्याऐवजी १९६२ मध्ये त्याने संग्रह एका फाउंडेशनकडे सोपवला आणि डच सरकारने संग्रहालय बांधायचं मान्य केलं. १९७३ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉग म्युझियम उघडलं, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता.

‘आल्मंड ब्लॉसम’ आज तिथेच आहे. काकाने पुतण्याला दिलेली भेट पुतण्याने सगळ्यांसाठी खुली केली. त्यामुळे पुढच्या वेळी कुणाच्या कव्हरवर ती पांढरी फुलं दिसली, तर ही गोष्ट नक्की सांगा.