राज शहाणा की लाजो?

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'ला 30 वर्षे झाली. मराठा मंदिर, मोहरीची शेतं, सुटत चाललेली गाडी हे सगळं पुन्हा एकदा छापून झालं आहे, त्यात भर नको. मला बोलायचंय ते त्यातल्या नायिकेच्या, सिमरनच्या आईबद्दल.

लाजो, म्हणजे फरीदा जलाल. वडील तिला मुलगा-मुलगी एकच म्हणायचे, पण भावांच्या शिक्षणासाठी शाळा सुटली ती हिचीच. मग मुलगी, बहीण, बायको म्हणून ती एकेक गोष्ट सोडत गेली. हे सांगून ती सिमरनला म्हणते, विसर राजला. पुढे मात्र हीच बाई दागिने पुढ्यात ठेवते आणि दोघांना पळून जायला सांगते. अख्ख्या चित्रपटात एवढं धाडस दुसऱ्या कुणी केलेलं नाही. आणि नायक चक्क नकार देतो! तो सिमरनला नेणार, पण तिच्या बाबूजींनी दिली तरच.

1995 साली प्रेक्षक खूश झाला तो या नकारावर, असं माझं मत आहे. 'बॉबी'तली (1973) पोरं घर सोडतात, 'कयामत से कयामत तक'मधली (1988) पळतात आणि जीव गमावतात. उदारीकरणानंतरच्या मध्यमवर्गाला लंडन हवं होतं आणि वडिलांचा आशीर्वादही. आदल्याच वर्षी 'हम आपके हैं कौन'मधली निशा वारलेल्या बहिणीच्या बाळासाठी मेहुण्याशी लग्नाला तयार झाली होती. तिला सोडवलं कुणी? कुत्र्याने!

काळ पुढे सरकतो तसे चित्रपट धीट होतात, हेही खरं नाही. 1937 च्या 'कुंकू'तली नीरा फसवून लावलेलं लग्न मानतच नाही. तिला साथ द्यायला कुणी राज नव्हता. शांतारामबापूंची ही नायिका सिमरनच्या 58 वर्षं आधीची.

राजला परवानगी मागता आली, कारण ती मिळण्यासारखी होती. दोघंही लंडनचे पंजाबी, जातीचा प्रश्न चित्रपट काढतच नाही. 'सैराट'च्या (2016) परशाने प्रेयसीच्या घरी, पाटलांच्या दारात जाऊन अशी मनधरणी करायची म्हटली असती, तर तिथेच मारला गेला असता. घरच्यांचं मन जिंकणं ही काहींनाच परवडणारी चैन आहे, आणि आपण तिला तीन दशकं संस्कार म्हणत आलो.

चित्रपट पुन्हा बघणार असाल, तर धावणारी सिमरन पाठ आहेच. दागिन्यांचा प्रसंग नीट बघा. आणि राजचं उत्तर पटलं का, ते घरात आईला विचारा.