बारा व्होल्ट वाटेत कुठे हरवतात?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर नावाचं गाव आहे. १९३४च्या हिवाळ्यात तिथल्या जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए या तरुण मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने दगावला. बर्फाने रस्ते बंद होते, इस्पितळ गाठताच आलं नाही. बर्फावरून धावणाऱ्या गाडीचा ध्यास बोंबार्दिए यांना लहानपणापासून होता, या घटनेनंतर तो अधिकच पक्का झाला. १९५९ मध्ये त्यांची ‘स्की-डू’ बाजारात आली. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा. गुलमर्गला जाऊन आलेल्या कित्येक मराठी पर्यटकांनी अशा गाडीवर, म्हणजे स्नोमोबाइलवर, फेरी मारलेली असते. उत्तर कॅनडात किंवा अलास्कात मात्र शिकार, सरपण आणि शेजारचं गाव या सगळ्यासाठी हीच गाडी लागते. उणे तीस अंशांत ती सुरू झाली नाही, तर माणसाचा जीव टांगणीला लागतो.

सुरुवातीच्या गाड्या दोरी ओढून सुरू होत. आता बऱ्याच गाड्यांना बटण असतं, म्हणजेच आपल्या गॅरेजच्या भाषेत सेल्फ. बटण दाबूनही इंजिन फिरलं नाही की पहिला संशय सेल्फच्या मोटरवर जातो आणि महागडी मोटर बदलली जाते. नव्या मोटरनेही गाडी सुरू होत नाही, तेव्हा कळतं की दोष दुसरीकडेच होता. मोटर ही साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्यावर आरोप ठेवण्याआधी तिच्यापर्यंत वीज नीट पोहोचते का, हे मोजून पाहायलाच हवं.

पहिला पुरावा आवाजाचा. ‘कट-कट-कट’ अशी घाई ऐकू आली तर बहुतेक वेळा बॅटरी बसलेली असते. रिले (मोटरकडे वीज सोडणारा स्विच) चिकटते, मोटर वीज खेचू लागते, विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घसरतो, रिले सुटते, दाब पुन्हा वर येतो आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो. ‘खट्’ असा एकच आवाज येऊन शांतता झाली, तर रिलेचे आतले संपर्क जळलेले असू शकतात, नाहीतर जाड केबलचा एखादा जोड सुटलेला. काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज, चावी आणि बटणाची वायर बघावी. दोरी असलेल्या गाडीत एक सोपी खूणही हाताशी असते. बटण बंद ठेवून दोरी हळू ओढावी. ती हलतच नसेल, तर बहुधा इंजिनच जाम आहे, सेल्फचा दोष नाही.

थंडीचा पहिला घाव बॅटरीवर बसतो. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. उणे अठरा अंशांना तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. नेमकं त्याच वेळी फोर-स्ट्रोक इंजिनातलं तेल घट्ट होतं आणि सेल्फला जास्त जोर लागतो. विश्रांतीत असलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२ दिसले तर ती जवळपास रिकामी आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं शून्याच्या थोडंसं खालीच गोठू शकतं. कवच फुगलेलं दिसलं तर ती बॅटरी चार्जिंगला मुळीच लावू नये, ती फुटू शकते.

बॅटरी चांगली, डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, तरीही सेल्फ गप्प. इथे भलेभले फसतात. एखाद्या गंजलेल्या टर्मिनलचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे असं धरा. दिव्यांना एखादा अँपिअर लागतो, म्हणजे त्या जोडावर ०.०२ व्होल्ट गळतात, ते डोळ्यांना कळतही नाहीत. सेल्फ मात्र शंभर अँपिअर मागतो. तेव्हा त्याच जोडावर दोन व्होल्ट खर्ची पडतात. मोटर उपाशी राहते आणि दिव्यांमुळे ‘वीज तर आहे’ अशी समजूत पक्की होते.

एवढा बारीक रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर सापडत नाही. त्यासाठी व्होल्टच्या खुणेवर मोजावं लागतं, आणि तेही वीज वाहत असताना. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खुंटीवर टेकवायची, तिला आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे. दुसरी सुई मोटरच्या धन बोल्टवर. मग सोबतच्या माणसाने बटण दाबायचं. त्या क्षणी मीटरवर दिसेल तेवढा दाब वाटेत गळतो आहे. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर ती बाजू ठीक. जास्त असेल तर बॅटरीवरची सुई तिथेच ठेवून दुसरी जोडाजोडाने मागे आणायची: रिलेची मोटरकडची बाजू, रिलेची बॅटरीकडची बाजू, केबलचं टोक, क्लॅम्प. ज्या जोडावर आकडा एकदम खाली येतो, तो आणि त्याच्या आधीचा जोड यांच्यामध्ये चोर आहे. खुंटी आणि क्लॅम्प एकमेकांना घट्ट चिकटलेले दिसत असतानाही त्यांच्यामध्ये एक व्होल्ट निघू शकतो. तिथला पांढरट थर घासून काढला की तोच सेल्फ जोमाने फिरतो.

तीच तपासणी ऋण बाजूला, म्हणजे बॅटरीची ऋण खुंटी आणि मोटरचं धड यांच्यात करायची. ही बाजू हमखास विसरली जाते. स्नोमोबाइलचं इंजिन रबराच्या बैठकीवर बसवलेलं असतं. त्यामुळे त्याला अर्थिंग मिळतं ते केबलमधूनच. तिचा बोल्ट थरथरीने सैल झाला, किंवा ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढला, की सगळी यंत्रणा ठप्प. आपल्याकडे कोकणच्या दमट हवेत स्कूटरचे टर्मिनल गंजतात, तिथेही हीच युक्ती चालते.

मोटर ‘घुंऽऽ’ करून फिरते, पण इंजिन हलत नाही, ही तक्रार वेगळी. अनेक गाड्यांत मोटर झटक्यात फिरली की छोटं दातेरी चाक, ज्याला बेंडिक्स म्हणतात, पिळाच्या आट्यांवरून पुढे सरकून इंजिनाच्या रिंग गिअरमध्ये अडकतं. जुनं ग्रीस आणि ड्राइव्ह बेल्टची काळी धूळ थंडीत आट्यांवर थिजते आणि चाक जागीच राहतं. आटे स्वच्छ करून थंडीत न थिजणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, जाड थर दिला तर पुन्हा तेच होतं. मोटरलाच कमी व्होल्ट मिळत असतील, तर तिला झटका बसत नाही आणि बेंडिक्स पुढे येत नाही. म्हणून इथेही आधी मोजणी.

या सगळ्या तपासण्यांत दोष सापडला नाही, तरच मोटर उघडावी. आत अनेकदा झिजलेले कार्बन ब्रश सापडतात.

बटण दाबून धरण्याची सवय मात्र घातक. त्याचं कारण सेल्फच्या जन्मकथेतच आहे. १९११ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी मोटारगाडीसाठी सेल्फ तयार केला. गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विजेची मोटर बनवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मोटरवर काही क्षणच भार येणार असेल, तर छोटी मोटरही खूप मोठं काम करते, हे त्यांनी ओळखलं. १९१२च्या कॅडिलॅकला तो सेल्फ बसला. आजचे सेल्फही त्याच तत्त्वावर चालतात, म्हणून पाच-दहा सेकंदांनंतर त्यांना थंड होऊ द्यावं लागतं. अडकलेली मोटर तर सर्वाधिक वीज खेचते आणि तापून जळते. रिलेचे बोल्ट स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडणंही टाळावं, कारण शेजारीच पेट्रोलची वाफ असू शकते.

स्की-डूच्या काही नव्या गाड्यांत बॅटरी आणि वेगळा सेल्फ दोन्ही नाहीत. पहिल्यांदा दोरीने इंजिन सुरू केलं की ते अल्ट्राकॅपॅसिटर भरतं, आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू करताना जनरेटरच मोटर बनून इंजिन फिरवतो. कॅपॅसिटरमध्ये वीज साठवायला रासायनिक क्रिया लागत नाही, त्यामुळे गारठ्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. बॅटरीवाल्या गाडीच्या मालकाला मात्र उन्हाळ्यातही बॅटरीकडे लक्ष द्यावं लागतं. कोपऱ्यात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात आणि पहिल्या बर्फाच्या सकाळी ‘कट-कट’ सुरू होते.