सुजलेला पाय आणि ऑपरेशन
‘पायात पाणी झालंय, ऑपरेशन करून काढून टाका,’ असं सर्रास म्हटलं जातं. पण लिम्फेडेमा (लसिकेचा निचरा अडून आलेली सूज) म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्या द्रवात प्रथिनं असतात; पुढे तिथे चरबी आणि तंतू साठून पाय टणक होतो. तुंबलेल्या मोरीतलं पाणी नुसतं उपसून भागत नाही, तसंच हे. अतिस्थूलपणात निचरा मंदावतो, नडगीवरची जखम पाझरत राहते, महिनोन्महिने भरत नाही. ऑपरेशनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरहून बारीक लसिकावाहिनी शिरेला जोडतात, किंवा साठलेली चरबी शोषून काढतात. दोन्ही उपयोगी, तरी दाब देणारे मोजे बहुतेकांना पुढेही वापरावे लागतात. वजन मात्र आधी उतरवायला हवं. आणि जखमेवर पट्टी आवळण्यापूर्वी पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांकडून जरूर तपासून घ्या.